गहाणाच्या वस्त्रावरची उपासना

इस्राएलच्या संदेष्ट्यांनी पोकळ उपासनेवर टीका केली, हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं सहसा कुणाला वाटत नाही. मन ठिकाणावर नाही आणि विधी मात्र यथासांग चालू आहेत, अशा भक्तीला आमोस, यशया, मीखा, यिर्मया यांनी झोडपलं, हा त्याचा सर्वसाधारण अर्थ. आपल्याकडे तो चटकन पटतोही, कारण दंभावरची टीका संतांनी आपल्या कानात चांगली मुरवलेली आहे. जुन्या कराराचा अभ्यासक म्हणून मला मात्र हा अर्थ अपुरा वाटतो. स्पष्टच बोलायचं तर तो संदेष्ट्यांच्या आरोपाची धार घालवतो. पोकळपणाचा आरोप मनाविषयीचा असतो आणि मनाविषयीच्या आरोपातून सुटणं सोपं असतं. 'माझा भाव खरा आहे' एवढं म्हटलं की झालं. ज्या उपासनेवर हे लोक तुटून पडले ती पोकळ नव्हती, भरगच्च होती. तिच्यात जे भरलं होतं ते कुणाच्या घरातून आलं, हा त्यांचा प्रश्न होता. जुलूम, उपासना आणि पश्चात्तापाला नकार अशा तीन वेगवेगळ्या विषयांवर ते बोलत होते असं आपण समजतो. माझ्या मते हा एकच खटला आहे, आणि तो मालाचा खटला आहे.

सुरुवात आमोसापासून करावी लागते, कारण ज्यांची वचनं स्वतंत्र पुस्तकरूपानं टिकली त्या संदेष्ट्यांत बहुधा तोच सर्वांत जुना. काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याच्या थोडा अलीकडे-पलीकडे. शलमोनानंतर राज्याची दोन शकलं होऊन बराच काळ लोटला होता: उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन, दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेत दुसरा यराबाम गादीवर होता. दमास्कसचं अरामी राज्य असिरियाच्या फटक्यांनी लुळं पडलेलं आणि असिरिया स्वतः काही दशकं घरच्या कटकटीत अडकलेला. या मोकळ्या अवकाशात यराबामाच्या राज्याची भरभराट झाली. आमोस मूळचा दक्षिणेतल्या तकोवाचा. जनावरं राखणं आणि आपल्या उंबराच्या गणगोतातल्या एका झाडाची निगा राखणं हा त्याचा व्यवसाय. हा माणूस सरहद्द ओलांडून उत्तरेच्या बेथेलमध्ये, राजाच्या आश्रयाखालच्या मंदिरात येऊन बोलला. त्याच्या पुस्तकाची सुरुवात कमालीची धूर्त आहे. तो आधी शेजाऱ्यांचे गुन्हे मोजतो: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. गावंच्या गावं गुलाम म्हणून विकणं, सरहद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं फाडणं, असे हे गुन्हे आहेत. ऐकणारे मान डोलवत असतील. मग यहूदाला एक तडाखा देऊन तो इस्राएलकडे वळतो, आणि त्याच पंक्तीत, त्याच साच्यात, त्याच शिक्षेच्या भाषेत कर्जवसुलीची यादी वाचतो. चपलांच्या जोडाएवढ्या क्षुल्लक रकमेपायी माणूस विकला जातो. गहाण ठेवून घेतलेली वस्त्रं अंथरून सावकार वेदीशेजारी आडवे होतात. दंड म्हणून वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या घरात प्यायला जातो.

या यादीतले शेवटचे दोन आरोप नीट पाहावेत. इथे अन्याय एका जागी आणि उपासना दुसऱ्या जागी घडत नाही. वस्त्र तेच आहे, रस तोच आहे. वसुलीत आला आणि तसाच मंदिरात गेला. निर्गम पुस्तकातल्या करारसंहितेत नियम असा, की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंच तर सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यायचं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. म्हणजे रात्री वेदीजवळ ते वस्त्र सावकाराच्या अंगाखाली दिसलं, तर गुन्हा सिद्ध करायला निराळा साक्षीदार लागत नाही. मंदिरच मुद्देमालाची जागा ठरतं. पुढे तो दुकानदारांविषयी बोलतो तेव्हाही हेच. अमावास्येचा सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी मोकळे होतो, शब्बाथ कधी सरतो आणि गव्हाची कोठारं कधी उघडतो, याची ते वाट पाहतात. मग माप लहान, वजन मोठं आणि गव्हात भुसकट. गंमत अशी, की हे लोक शब्बाथ मोडत नाहीत. दुकान बंद ठेवतात, नुकसान सोसतात, नियम पाळतात. बेथेल आणि गिलगाल इथल्या यात्रांविषयी आमोस उपरोधानं बोलतो तिथेही रोज सकाळचं बलिदान, दशमांश, स्वखुशीच्या अर्पणांचा गाजावाजा, सगळं जोरात आहे. भक्तीत हयगय केल्याचा आरोप या माणसांवर करताच येणार नाही.

त्या काळच्या शोमरोनात संपत्ती कशी हलत होती, याचा थोडा पुरावा जमिनीखालून आला आहे. 1910 मध्ये जॉर्ज राइस्नर यांच्या नेतृत्वाखालच्या हार्वर्डच्या उत्खननात तिथल्या राजवाड्याच्या आवारात शाईनं लिहिलेली शंभरावर खापरं मिळाली. मजकूर अगदी कोरडा, कारकुनी: अमुक राजवर्ष, अमुक गाव, अमुक माणूस, एक बुधला जुना द्राक्षारस किंवा एक बुधला धुतलेलं तेल. राजाचं नाव नाही, पण सर्वसाधारणपणे ती आठव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानली जातात. पुढे 1930च्या दशकात क्रोफूट यांच्या उत्खननात हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्यांचे ढीग सापडले, फर्निचरला जडवण्याचे. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांविषयी आमोस जे बोलला त्याचं चित्रच म्हणावं असे. मात्र इथे मला सावध राहायला हवं. खापरांवरची नोंद कराची आहे की दरबारी मंडळींना आपापल्या जमिनीवरून येणाऱ्या मालाची, यावर एकमत नाही. हस्तिदंती पट्ट्यांचा काळही मागेपुढे सरकतो. त्यांतल्या काही शंभरएक वर्षं आधीच्या असू शकतील. या वस्तू जुलूम सिद्ध करत नाहीत. पण गावांकडचा उत्तम रस आणि तेल राजधानीकडे वाहत होतं, त्याची कारकुनी नोंद ठेवली जात होती आणि वरच्या टोकाला चैन होती, एवढं त्या नक्की दाखवतात. संदेष्टा जिथे उभा राहून बोलत होता ती व्यवस्था कल्पनेतली नव्हती.

त्याहून बोलकं एक खापर दक्षिणेचं आहे. 1960 मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या मेसाद हशव्याहू या छोट्या गढीत योसेफ नावेह यांना ते मिळालं. काळ सातव्या शतकाची अखेर, म्हणजे आमोसानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. एका कापणी करणाऱ्या मजुरानं गढीच्या अधिकाऱ्याकडे केलेला तो अर्ज आहे, बहुधा कुणा लेखनिकाकडून लिहवून घेतलेला. त्याचं सांगणं असं: ठरलेली कापणी मी पुरी केली, धान्य कोठारात टाकलं, आणि तरीही शोबायचा मुलगा होशयाहू यानं माझं वस्त्र काढून नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे माझ्या बाजूनं साक्ष देतील. मी निर्दोष आहे, वस्त्र परत द्या. अधिकाऱ्यानं काय केलं हे खापर सांगत नाही. अर्जदार देवाचं किंवा नियमशास्त्राचं नाव घेत नाही, आणि कायद्यातल्यासारखं हे गहाण होतं की कामचुकारपणाचा दंड, हेही स्पष्ट नाही. पण आमोसाच्या वचनात वेदीशेजारी जे अंथरलेलं दिसतं तेच इथे ज्याच्या अंगावरून गेलं त्याच्या तोंडून ऐकू येतं. संदेष्ट्यांचं बोलणं अलंकारिक होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अर्ज जरूर पाहावा. वस्त्र म्हणजे वस्त्रच होतं.

उपासनेचा उपयोग थेट बळकावण्यासाठी कसा होतो, याचं सर्वांत नागडं उदाहरण राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे, आणि त्यातला संदेष्टा महाराष्ट्राला परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हन्नबीचं स्थान किती मोठं आहे हे अलिबागकडच्या लोकांना सांगायला नको. मलिद्याचा विधी त्याच्या नावानं होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या येण्याची खूण दाखवतात. त्या भक्तीत तो नवसाला पावणारा, शुभ वर्तमान आणणारा आहे. मूळ कथेतला एलीया मात्र राजाला त्यानं बळकावलेल्या मळ्यात गाठणारा माणूस आहे. अहाब राजाला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. वडिलोपार्जित जमीन विकणार नाही असं नाबोथ सांगतो. मग राणी ईजबेल राजाच्या शिक्क्यानं गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं धाडते, आणि त्यातली पहिली आज्ञा काय, तर उपास जाहीर करा. गावावर काही संकट आलं आहे, कुणाच्या तरी पापानं देव कोपला आहे, असं वातावरण तयार करायचं, उपासाच्या सभेत नाबोथाला पुढे बसवायचं, दोन भाडोत्री साक्षीदारांनी त्याच्यावर देवनिंदेचा आरोप ठेवायचा, मग धोंडमार. सगळं विधिवत झालं. जमीन राजाकडे गेली. या उपासाला पोकळ म्हणणं म्हणजे शस्त्राला पोकळ म्हणण्यासारखं आहे. कथेचा पुढचा भाग त्याहून अवघड आहे. एलीयानं सुनावल्यावर अहाब वस्त्रं फाडतो, गोणपाट नेसतो, खरंखुरं उपोषण करतो, आणि शिक्षा त्याच्या मुलाच्या काळापर्यंत पुढे ढकलली जाते. त्याचं दुःख खोटं होतं असं कथा म्हणत नाही. मळा नाबोथाच्या घराण्याला परत मिळाला, असंही ती कुठे म्हणत नाही.

आता पहिला आक्षेप. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रॉटेस्टंट विद्वत्तेनं, आणि त्यात युलियस वेलहाउझेन यांच्या प्रभावी मांडणीनं, संदेष्टे आणि याजक यांना समोरासमोर उभं केलं: एका बाजूला नीती, दुसऱ्या बाजूला कर्मकांड. या वाचनानुसार आमोस, यशया यांना यज्ञच नको होते, आणि मालाचा मुद्दा दुय्यम ठरतो. वचनं तशी वाचता येतात, हे कबूल. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की मेंढ्यांच्या होमांचा मला वीट आला आहे, तुमची अमावास्या आणि सण मला ओझं झाले आहेत. पण तिथेच, त्याच श्वासात, तो म्हणतो की तुम्ही हात पसरून प्रार्थना केली तरी मी डोळे झाकून घेईन. यशयाला यज्ञ रद्द करायचे होते असं या उताऱ्यावरून ठरवायचं, तर त्याला प्रार्थनाही रद्द करायची होती असं म्हणावं लागेल, आणि तसं कुणीच म्हणत नाही. नकाराचं कारण तो पुढच्याच शब्दांत देतो: त्या पसरलेल्या हातांना रक्त लागलेलं आहे. आणि खुद्द याजकांच्या नियमपुस्तकात, लेवीयमध्ये, दोषार्पणाची तरतूद वाचली तर ही दरी आणखी अरुंद होते. शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, पिळून काढलं, तर दोषी माणसानं घेतलेलं पूर्ण परत द्यायचं, त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यायचा, आणि दोषार्पणाचा मेंढा आणायचा. हा नियम आमोसाच्या आधीचा की नंतरचा, यावर विद्वानांचं भांडण चालू राहील. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की वेदीपाशी उभा असणारा याजक आणि वेदीवर तुटून पडणारा संदेष्टा यांना एकच हिशोब ठाऊक होता. मुद्दल परत न करता मेंढा आणणारा माणूस दोघांच्याही लेखी थकबाकीदारच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुर्बळांची कणव ही काही हिब्रू संदेष्ट्यांची मिरास नव्हे. हे खरंच आहे. हम्मुराबी आपल्या कायद्याच्या शिळेवर बलवानानं दुबळ्याला नाडू नये म्हणून देवांनी मला नेमलं असं कोरून ठेवतो, तेही आमोसाच्या हजारएक वर्षं आधी. त्याच्याच वंशातला अम्मिसदुका कर्जमाफीची राजाज्ञा काढतो. युफ्रेटिसकाठच्या मारी शहरात सापडलेल्या पत्रांत तर हलबच्या अदाद देवाचा संदेश राजा झिम्री-लिमला कळवलेला आहे: अन्याय झालेला कुणी तुझ्याकडे दाद मागायला आला, तर त्याचं ऐक आणि न्याय कर. म्हणजे देवाच्या वतीनं राजाला न्याय मागणारे लोकही इस्राएलपूर्वी होते. मग नवं काय? माझ्या मते दोन गोष्टी. बाबिलोनी राजाज्ञेत न्याय ही राजानं दिलेली देणगी असते, शिळेवर कोरून मिरवण्याजोगी. मारीच्या पत्रात तर न्यायाच्या मोबदल्यात गादी आणि मुलूख देऊ करणारा देवच आहे. आमोस कुणालाच असा सौदा देऊ करत नाही. आणि त्याचे आरोपी एकट्या राजवाड्यातले नाहीत. धान्यविक्रेते, वेशीत बसून लाच घेणारे पंच, नवऱ्यांकडे मद्य मागणाऱ्या शोमरोनच्या धष्टपुष्ट बायका, मीखाच्या बाबतीत पैसे घेऊन भविष्य सांगणारे संदेष्टे आणि पगारी याजक, यशयाच्या बाबतीत घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणारे जमीनमालक आणि अन्यायाचे ठराव लिहून काढणारे लेखनिक. यातल्या प्रत्येकाच्या घरात कुणाचं तरी काही आहे. जबाबदारी अशी घरोघर वाटली गेली की एका राजाज्ञेनं ती फिटत नाही.

यरुशलेमच्या मंदिरात यिर्मयानं केलेलं भाषण या खटल्याची पुढची पायरी आहे. तोवर उत्तरेचं राज्य बुडून शंभराहून अधिक वर्षं झाली होती; शोमरोनातून 27 हजारांवर माणसं हलवल्याचा दावा असिरियाचा दुसरा सार्गोन करतो. दक्षिणेत मात्र यरुशलेम वाचलं होतं, आणि ते मंदिरामुळे वाचलं हा विश्वास घट्ट बसला होता. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून म्हणतो की ही जागा लुटारूंची गुहा झाली आहे. येशूनं हे शब्द पुढे वापरले म्हणून ख्रिस्ती वाचकांना ते पाठ असतात, आणि त्यामुळेच बहुधा चुकीचे ऐकू येतात. गुहेत लूट होत नाही. लूट बाहेर रस्त्यावर होते. गुहेत लुटारू परततात, माल ठेवतात, आपण आता सुरक्षित आहोत म्हणतात. यिर्मयाचं म्हणणं शब्दशः हेच आहे: परदेशी, अनाथ, विधवा यांना बाहेर नाडून तुम्ही इथे येता आणि आम्ही सुटलो म्हणता. म्हणून तो शिलोचं नाव घेतो, जिथे पूर्वी देवाचं घर होतं आणि आता पडझड होती. मंदिर हा ठेवा ठेवायचा कोनाडा असेल, तर तो कोनाडाच जाईल.

यावर जो खटला उभा राहिला त्याचा वृत्तान्त त्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात आहे आणि पश्चात्तापाचा प्रश्न तिथेच नीट कळतो. याजक आणि संदेष्टे मृत्युदंड मागतात. तेव्हा देशातले काही वडील उठून दाखला देतात: मोरेशेथच्या मीखानं हिज्कीया राजाच्या काळी यरुशलेमचे ढिगारे होतील असं सांगितलं होतं, राजानं त्याला मारलं नाही, देवाची विनवणी केली आणि संकट टळलं. भाकीत खोटं ठरलं, म्हणून मीखा खोटा ठरला नाही. उलट त्याचं काम झालं, असा हा युक्तिवाद. यिर्मया वाचला. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा त्याच काळात तेच बोलला, इजिप्तला पळाला, तिथून धरून आणला गेला आणि मारला गेला. संदेष्ट्याचा इशारा हा भविष्याचा अंदाज नसून बजावलेली नोटीस असते, ती ऐकली तर अंमलबजावणी थांबते, हे त्या समाजालाही ठाऊक होतं. म्हणूनच नोटीस नाकारण्याचे प्रसंग इतक्या बारकाव्यानं नोंदले गेले. इ.स.पू. 604च्या सुमारास, हिवाळ्यात, यरुशलेममध्ये एक सार्वजनिक उपास जाहीर होतो. त्या दिवशी यिर्मयाचा लेखनिक बारूख मंदिरात त्याची गुंडाळी वाचून दाखवतो. ती यहोयाकीम राजापर्यंत पोचते. तो शेगडीपुढे बसलेला आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखनिकाच्या सुरीनं तेवढा भाग कापून निखाऱ्यांवर टाकतो. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. शाफानाचा मुलगा गमऱ्याहू, असं नाव असलेला मातीचा शिक्का 1982 मध्ये दावीदनगराच्या उत्खननात मिळाला, आणि तो याच माणसाचा असण्याचा संभव चांगला आहे. बारूखाच्या नावाचे जे शिक्के बाजारात आले ते मात्र बनावट असल्याचं आज बहुतेक मानतात. अशा बाबतीत उत्खननात मिळालेलं आणि विकत मिळालेलं यांत फरक करावाच लागतो. आणि हा यहोयाकीम कोण, तर मजुरांना मजुरी न देता देवदाराचं, शेंदरी रंगाचं ऐसपैस घर बांधणारा, असं यिर्मया इतरत्र सांगतो. उपास चालू, मजुरी थकलेली, गुंडाळी जळते आहे.

तरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पुरावा यहोयाकीमाचा नाही, सिद्कीयाचा आहे. इ.स.पू. 588 मध्ये बाबिलोनी सैन्यानं यरुशलेमला वेढा घातला. ज्या अध्यायात ही गोष्ट आहे तो म्हणतो की यहूदाच्या तटबंद नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. 1935 मध्ये जेम्स स्टार्की यांना लाखीशच्या वेशीत मिळालेल्या खापरांपैकी एका पत्रातही या दोन्ही जागांची नावं आहेत, लाखीशच्या खुणांची वाट पाहतो आहोत, अजेका दिसत नाही. या धास्तीत सिद्कीया राजा आणि यरुशलेमचे प्रतिष्ठित लोक मंदिरात करार करतात की हिब्रू दासदासींना मुक्त करायचं. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जायचा जुना, गंभीर विधी होतो. आणि दास खरोखर मुक्त होतात. यिर्मया मान्य करतो की त्या दिवशी त्यांनी योग्य ते केलं. मग इजिप्तचं सैन्य निघाल्याची बातमी येते, वेढा काही काळ उठतो, आणि मालक त्याच माणसांना पुन्हा पकडून गुलाम करतात. संदेष्ट्याचा सगळा संताप इथे आहे. इथे भाव खरा होता की खोटा, हा प्रश्नच गैरलागू होतो. भीती खरी होती, विधी खरा होता, मुक्ती खरी होती. फक्त ती माणसं परत घेतली गेली. पश्चात्ताप म्हणजे काय याची संदेष्ट्यांची कसोटी मला याहून स्पष्ट कुठे दिसत नाही: माल कुणाकडे आहे ते सांगा.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा. ही पुस्तकं राज्यं बुडाल्यावर संपादित झाली. पराभवाचं कारण शोधणाऱ्या पिढ्यांनी इशारे मागाहून घातले नसतील कशावरून? काही घातले असणारच. आमोसाच्या पुस्तकाचा शेवटचा आशादायी भाग बरेच अभ्यासक उत्तरकालीन मानतात, मीही मानतो. पण संपादकांना केवळ भाकितं जुळवायची असती तर त्यांनी न जुळणारी काढून टाकली असती. यहोयाकीमाला गाढवासारखं वेशीबाहेर फेकतील असं यिर्मया सांगतो. राजांचं पुस्तक तो पूर्वजांना जाऊन मिळाला एवढंच शांतपणे नोंदवतं. सोर नगराचा नाश होईल म्हणणारा यहेज्केल पुढच्याच काही अध्यायांत कबूल करतो की बाबिलोनच्या राजाला त्या मोहिमेत काही हाती लागलं नाही. फसलेल्या भाकितांची ही जपणूक पाहिली की वाटतं, या लोकांनी भाकितांसाठी ही पुस्तकं ठेवलीच नव्हती.

मग कशासाठी ठेवली? ख्रिस्ती परंपरेत शतकानुशतकं या वचनांचा वापर ज्यूंविरुद्ध झाला: पाहा, त्यांचेच संदेष्टे त्यांच्या धर्माला नाकारतात. त्याचे परिणाम युरोपात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण हा आरोपनामा जपला तो आरोपींच्या वंशजांनीच, आणि कुठे जपला तर उपासनेच्या आत. योम किप्पुर या सर्वांत मोठ्या उपासाच्या सकाळी सिनगॉगमध्ये यशयाचा 58वा अध्याय वाचतात, जो म्हणतो की तुम्ही उपासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेता. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनाआधीच्या शब्बाथाला यशयाचा तो पहिला अध्याय असतो, यज्ञांचा वीट आल्याचा. उपासाला आलेल्या पोटांना उपासावरची टीका ऐकवायची, ही कल्पना मला जगातल्या धर्मांत विरळा वाटते. आणि इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात स्पष्ट नियम आहे की माणसानं माणसावर केलेल्या अपराधाचं प्रायश्चित्त योम किप्पुर करत नाही, समोरच्याचं समाधान केल्याशिवाय.

त्याच दिवशी दुपारी योनाचं पुस्तक वाचतात. निनवे, असिरियाची क्रूर राजधानी, इशारा ऐकते आणि वाचते. मिश्नातच एक बारकावा टिपला आहे की देवानं त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिले असं तिथे म्हटलेलं नाही. त्यांची कृत्यं पाहिली असं म्हटलं आहे. तालमूदात तिसऱ्या शतकातला बाबिलोनचा पंडित शमुएल ही कृत्यं कोणती ते सांगतो: एखाद्यानं तुळई चोरून वाड्यात बसवली असेल, तर त्यानं अख्खा वाडा पाडून ती मूळ मालकाला परत दिली. धर्मशास्त्रात याच तुळईवर शम्मायच्या आणि हिल्लेलच्या घराण्यांचा वाद आहे. शम्मायचे अनुयायी म्हणतात, वाडा पाडा आणि तीच तुळई द्या. हिल्लेलचे म्हणतात, किंमत दिली तरी चालेल, कारण घर पाडावं लागणार असेल तर चोर कधी पश्चात्तापाकडे वळणारच नाहीत. व्यवहारात हिल्लेलचं मत मान्य झालं, आणि ते शहाणपणाचंच होतं. मात्र वाडा राहू द्यायचा आणि तुळईची किंमतही द्यायची नाही, असं तिसरं मत त्या वादात कुणीही मांडलेलं नाही.